मिसेसच्या रिपोर्टात ४५ गुणसूत्रं आलीत, मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळं का?

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात टाकतोय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी हलवावं.

लग्नाला चार वर्षं झाली. मिसेस माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा नवव्या-दहाव्या आठवड्यात खाली झालं. दुसऱ्या वेळेनंतर मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी दोघांचीही गुणसूत्रं तपासा म्हणून चिठ्ठी दिली. ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती, मजुरांची टोळी कशीबशी मिळालेली, म्हटलं आधी तिचं करून घेऊ, माझं नंतर बघू. रक्त पुण्याला गेलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, त्यावर एकच ओळ: ४५, एक्सएक्स, डेर १४;२१. खाली बारीक अक्षरात ‘बॅलन्स्ड रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन कॅरियर’ आणि जेनेटिक काउन्सेलिंग करून घ्या असा शेरा.

शाळेत आम्ही ४६ शिकलो. एक कमी म्हणजे काय कमी? तिला वरून काहीच नाही. बी.कॉम. झालीय, पतसंस्थेत कामाला आहे, हिशोबात माझ्यापेक्षा पक्की. तापानं अंथरूण धरलेलंही आठवत नाही.

घरात मात्र रिपोर्ट कळल्यापासून वातावरण फिरलंय. आई म्हणते नात्यात केलं म्हणून झालं. (भावाची पोरगी सून म्हणून आणायचा हट्ट तिचाच होता, पण ते आता कोण बोलणार.) मामी आमच्याकडं यायची बंद झालीय. मिसेस कुणाशी धड बोलत नाही.

हा आजार आहे का? औषध आहे का? नात्यामुळं झालं का? आणि मूल नीट होईल का? द्राक्षाच्या भाषेत सांगितलं तरी चालेल. आमच्या तालुक्यातच थॉमसनच्या बागेत वेगळी काडी निघाली आणि तिची तास-ए-गणेश झाली, तेव्हा बदल झाला म्हणजे वाईटच झालं असं नसतं एवढं समजतं. त्याच्या पुढचं काही समजंना.

पंचांगप्रेमी

भाऊ, दोघांचे रक्तगट बघितले का? एक नाडी असली की असंच होतं. आमच्या पाहुण्यांत एक जोडपं, दोघंही बी पॉझिटिव्ह, आठ वर्षं पाळणा हलला नाही. एखाद्या जाणकाराला पत्रिका दाखवा आणि नरसोबाच्या वाडीला जाऊन या. दत्त महाराज बघतील.

काचपट्टी

वाडीला अवश्य जा, येताना बासुंदीही आणा. रक्तगटाचं मात्र डोक्यातून काढून टाका. नवरा-बायकोचा गट एकच असल्यानं काही होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर डॉक्टर लक्ष ठेवतात, अँटी-डीचं इंजेक्शन देतात. नाडीचा त्याच्याशी संबंध नाही.

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका लॅबमध्ये गुणसूत्रं मोजायची नोकरी केली, निवृत्तीनंतर साताऱ्यात घरी असते. तुमच्या मिसेसचं रक्त ज्या वाटेनं गेलं ती वाट मला पाठ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नळीतलं रक्त पोषकद्रव्यात घालून ३७ अंशांवर ७२ तास ठेवतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. राजम्यापासून काढलेलं एक द्रव्य घालून त्यांना जागं करावं लागतं. विभागणी ऐन मध्यावर आली की कोल्चिसिन घालून ती थांबवायची, क्षाराच्या पातळ द्रावणानं पेशी फुगवायच्या आणि काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा. गुणसूत्रं मोकळी पसरतात. मग ट्रिप्सिन आणि गिम्साचा रंग दिला की प्रत्येकावर आडवे पट्टे उमटतात, गडद आणि फिके. सवय झाली की नऊ नंबर आणि बारा नंबर झोपेतही वेगळे ओळखू येतात. अशा वीसेक पेशी बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही होत नाही, त्यामुळं मोजायला चुकले असतील ही आशा सोडा.

मिसेसच्या पेशीत असं दिसलं असणार: चौदा नंबर एकच सुटा, एकवीस नंबर एकच सुटा, आणि तिसरं एक, ज्यात चौदा आणि एकवीस कमरेशी एकमेकांना जोडलेले. मोजणीत पंचेचाळीस भरले, माल सगळा शेचाळीसचा. जोडणी होताना दोघांचे वरचे आखूड तुकडे गळून जातात. त्यांवर रायबोसोम (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) बनवणाऱ्या जनुकांच्या प्रती असतात, आणि तशा प्रती १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांवर मिळून दहा ठिकाणी असतात. दोन गेल्या, आठ उरल्या. भागतं.

तेव्हा हा आजार नाही, आणि म्हणून औषधही नाही. अशी जोडलेली गुणसूत्रं साधारण हजारात एका माणसात सापडतात. तासगावच्या बेदाणा सौद्याला हजार माणूस जमलं तर त्यात सरासरी एक निघेल, आणि त्याला मरेपर्यंत पत्ताही लागणार नाही. (तुम्ही शाळेत ४६ शिकलात, पण हा आकडा १९५६ साली स्वीडनमध्ये टियो आणि लेव्हान यांनी पक्का केला. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जात होतं, आणि तेही म्हणे सूक्ष्मदर्शकातून मोजूनच!)

तुमच्या तास-ए-गणेशचंच घेऊ. एका काडीत बदल झाला, लोकांनी त्या काडीची कलमं केली, म्हणून तो टिकला. माणसात कलम नाही. तुमच्या कातडीत, आतड्यात, रक्तात बदल झाला तर तो तुमच्याबरोबर संपतो. बहुतेक कॅन्सर याच जातीचे. पुढच्या पिढीत जायचं तर स्त्रीबीज आणि शुक्राणू एवढीच वाट आहे, आणि मिसेसची अडचण नेमकी त्या वाटेवर आहे.

बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेक गुणसूत्र त्यात जायला हवं. इथं दोन सुटे आणि एक जोडलेलं अशी तिघांची वाटणी, ती सहा तऱ्हांनी होऊ शकते. दोन्ही सुटे गेले तर बाळ ४६चं. नुसतं जोडलेलं गेलं तर बाळ आईसारखं, ४५चं आणि धडधाकट. जोडलेलं आणि वर सुटा २१ असे दोन्ही गेले तर २१ नंबरचा माल तिप्पट होतो, बाळाला डाऊन सिंड्रोम. बाकीच्या तीन तऱ्हांत १४ जादा, १४ कमी किंवा २१ कमी. ते गर्भ टिकत नाहीत, कित्येकदा पाळी चार दिवस लांबली एवढंच कळतं. कागदावर जन्मणाऱ्या तिघांत एक डाऊनचा निघायला हवा, प्रत्यक्षात तसं होत नाही. आई कॅरियर, म्हणजे असं जोडलेलं गुणसूत्र बाळगणारी, असेल तर ते प्रमाण १० ते १५ टक्के, बाप कॅरियर असेल तर एक-दोन टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या बाळांत निम्मी आईसारखी, निम्मी ४६ची.

आणि दोन्ही गर्भपात याच कारणानं झाले असंही छातीठोक म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचाच घोळ असतो, आईबापाचे रिपोर्ट अगदी स्वच्छ असले तरी. १६ नंबर तिप्पट होणं त्यात सगळ्यात जास्त दिसतं, आणि तसं बाळ कधी जन्माला येत नाही. देव न करो, पण पुन्हा तशी वेळ आली तर पडलेला भाग तपासायला पाठवा, आणि तो साध्या सलाइनमध्ये पाठवा. नर्सबाई सवयीनं फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिनमध्ये पेशी मेल्या की वाढवायच्या काय? असे नमुने बघून मी अनेकदा कपाळाला हात लावलाय.

आता नात्याचं. आपल्या सातारा-सांगलीत मामाची पोरगी करायची रीत जुनी, म्हणून घरात काहीही झालं की बोट तिकडंच जातं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जनुकांतला आठवा हिस्सा एकसारखा असतो. त्यामुळं आजीकडून किंवा आजोबांकडून आलेलं एखादं बिघडलेलं जनुक दोघांकडंही असण्याची आणि बाळाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा, स्नायूंचे आणि चयापचयाचे काही आजार असे येतात. कुठल्याही जोडप्याच्या बाळात मोठं व्यंग असण्याची शक्यता २ ते ३ टक्के धरतात, सख्ख्या नात्यात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे काळजी खोटी नाही. पण ती एका जनुकाची गोष्ट, आणि ते कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या या तपासणीत, दिसतच नाही. आमच्या काचपट्टीवर पन्नास लाख अक्षरांपेक्षा लहान बदल डोळ्याला कळत नाही. सिकलसेल तर एका अक्षराच्या बदलानं होतो. त्यासाठी दोघांचं एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी) वेगळं करून घ्या, स्वस्त आहे, मिरजेत होतं. गुणसूत्रं एकमेकांना चिकटणं हे मात्र नात्यातल्या लग्नानं होत नाही. मिसेस ते जन्मापासून घेऊन आलीय, तुमची सोयरीक जुळायच्या कितीतरी आधी.

कुठून आणलं? एक तर तिच्यातच पहिल्यांदा झालं, नाहीतर मामाकडून किंवा मामीकडून आलं. मामाकडून आलं असेल तर मामाला ते तुमच्या आजोळच्या आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी आलं असू शकतं. आणि मामाची सख्खी बहीण कोण?

म्हणून म्हणते, छाटणी आटोपली असेल तर तुमचं रक्त द्या. डॉक्टर मॅडमनी दोघांचं लिहून दिलं होतं ते उगाच नव्हे.

चिमूची_आई_कराड

काचपट्टी काकूंनी सगळं सांगितलंच आहे. माझा मुलगा डाऊनचा, आता नऊ वर्षांचा. तो झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, नात्यातलं लग्न नाही, घराण्यात कुणी नाही. त्याचाच कॅरिओटाइप आधी केला, त्यात २१ नंबर सुटे तीन निघाले, जोडलेलं काही नाही. डॉक्टर म्हणाले शंभरातल्या पंचाण्णव मुलांचं असंच असतं, आईबापाचं रक्त तपासायची गरज नाही. पस्तिशीनंतर धोका वाढतो हे खरं, पण तरुण बायकांनाच मुलं जास्त होतात, म्हणून अशी बहुतेक मुलंही तरुण आयांचीच असतात. मला तर प्रत्येक बारशाला कुणी ना कुणी विचारतं, “उशिरा झाला का हो?”

दादा, तुम्ही “मूल नीट होईल का” लिहिलंय, मी समजू शकते. पण असं मूल आलंच तर काय, तेही ऐकून ठेवा. चिमूच्या हृदयाला भोक होतं. अशा मुलांत जवळजवळ निम्म्यांना हृदयाचं काहीतरी असतं, म्हणून जन्मल्या जन्मल्या इको करायचाच. पहिल्या वर्षात ऑपरेशन झालं. थायरॉइड दर वर्षी तपासतो. बोलायला उशीर लागला, अजून शब्द बोबडे आहेत. पण संध्याकाळी बाबांबरोबर डेअरीत जातो आणि कुणाचं दूध आज आलं नाही ते घरी येऊन नावानिशी सांगतो. आमच्या सासूबाई आधी त्याला पाहुण्यांसमोर आणत नसत, आता त्याच्याशिवाय जेवत नाहीत.

बागायतदार_तासगाव

काकू, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग मिसेसला वाचायला दिलं. ताई, तुमचंही. शब्द जपून वापरायला पाहिजे होता, लक्षात आलं.

काकू, तुमचा तो बहिणीचा प्रश्न वाचून मी गप्पच झालो. रात्री आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. माझ्या आणि थोरल्या ताईच्या मध्ये तिचे दोन गेलेत, मला कधी माहीतच नव्हतं. आणि आई-मामांच्या पाठचा एक भाऊ होता. त्याला सगळे भोळा म्हणायचे. चेहरा चपटा, जीभ सारखी बाहेर, चालायला लागला तोच चार वर्षांचा होऊन. छातीत भोक आहे असं मिरजेला सांगितलं होतं, पण त्या काळी कुणी ऑपरेशनला नेणार? सात-आठ वर्षांचा होऊन गेला. आजी तेव्हा पंचविशीचीसुद्धा नसेल. त्याचा एकही फोटो घरात नाही.

आई हे सांगून गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजे माझ्यातबी आसंल व्हय?” मला उत्तर देता आलं नाही.

असलं तर काय? माझ्यात आणि मिसेसमध्ये दोघांतही निघालं तर सगळंच संपलं का? ताईची दोन्ही मुलं चांगली आहेत, तिला सांगू का नको?

काचपट्टी

ऐकीव वर्णनावरून निदान होत नाही हे आधी लिहून ठेवते. तो डाऊनचा असेल असं मलाही वाटतं, पण चिमूच्या आईनं सांगितलं तसं तरुण आईच्या पोटीही सुटे तीन २१ असलेलीच मुलं जास्त. तो गेला, त्याच्याबरोबर पुरावाही गेला. हे आईबापामुळं नव्हे तर एका जादा गुणसूत्रामुळं होतं, एवढं कळायलाच १९५९ साल उजाडावं लागलं. तोवर किती आयांनी बोलणी खाल्ली असतील कोण जाणे. मात्र भोळा, आईचे दोन, मिसेसचे दोन आणि हा रिपोर्ट, एवढं एका घरात असेल तर काउन्सेलरपुढं जाताना वंशावळ कागदावर काढून न्या. कोण कितव्या महिन्यात गेलं, कोण किती वर्षं जगलं, सगळं लिहा. मामाच्या आणि मामीच्या, दोघांच्याही बाजूचं.

तुमच्यातही निघालं तर संपलं असं मुळीच नाही. टिकणाऱ्या गर्भांत ४६चा, एका जोडलेल्याचा म्हणजे ४५चा, आणि दोन्हीकडून जोडलेलं मिळालेला ४४चासुद्धा असू शकतो. ४४ गुणसूत्रांची निरोगी माणसं जगात नोंदलेली आहेत. धोक्याचं गणित मात्र बदलतं, ते मी इथं मांडणार नाही, काउन्सेलरकडून समजून घ्या. १४ नंबरची आणखी एक बारीक भानगड असते, क्वचित बाळाला दोन्ही १४ एकाच पालकाकडून येतात. पोटात असताना तपासणी कराल तेव्हा त्याबद्दलही विचारा.

पुन्हा दिवस राहिले की काय: दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरून एनआयपीटी होते, ती २१ जादा आहे का याचा अंदाज देते, पण अंदाजच. ११ ते १३ आठवड्यांत एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारी. पक्कं उत्तर हवं तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना, नाहीतर सोळाव्यानंतर गर्भजल. सुईनं गर्भपात व्हायची थोडी भीती असते, ती डॉक्टरांशी बोलून घ्या. तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते, फॉर्म भरावे लागतात, आणि १९९४च्या कायद्यामुळं मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही. विचारूही नका. पुढचा निर्णय तुमच्या दोघांचा, त्यात इथल्या कुणाचं मत घेऊ नका, माझंही नाही. पण तारखांकडं लक्ष ठेवा: गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि २४ आठवड्यांनंतर गाडी मेडिकल बोर्डापुढं जाते. टेस्ट ट्यूब करून गर्भ निवडून घ्यायचाही मार्ग आहे. खर्चिक आहे, आणि तुमचं वय बघता तिथूनच सुरुवात करायला कुणी घाई करत असेल तर मी दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारेन.

ताईला सांगा. मुलं लहान असतील तर त्यांचं रक्त आत्ता काढायची गरज नाही, पण ती मोठी होऊन लग्नाची होतील तेव्हा त्यांना माहीत असायला हवं.

आणि मामींना फोन करा. तुम्ही स्वतः करा, आईकरवी नको.

बागायतदार_तासगाव

मामींना फोन झाला. रडल्या, मग मला झाडलंही. रविवारी येतायत.

मी सोमवारी सकाळी मिरजेला जातोय. नमुना देताना काय सांगायचं?

काचपट्टी

सोमवार उत्तम. शनिवारी कधी देऊ नये, कुरिअरच्या गोदामात रविवार निघतो आणि पेशी दमतात. हिरव्या टोपणाची, हेपरिनची नळी मागा. जांभळ्या टोपणाची नको, तिच्यात पेशी नीट वाढत नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवू देऊ नका. मिसेसच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत लावा, म्हणजे बघणाऱ्याला १४ आणि २१कडं आधी नजर टाकता येते. शक्य तर त्याच लॅबला पाठवा.

बागायतदार_तासगाव

आईपण येते म्हणतीय. विचारतीय, उपाशीपोटी लागतं का?

काचपट्टी

नाही. दोघंही जेवून जा.